कोटाचे अस्तर आणि त्याचा रंग

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



समाजाच्या मेळाव्यात भाषणास उभे राहणाऱ्याने शिक्षणाचा प्रसार, विवाहातील अनाठायी खर्च, विद्यार्थ्यांसाठी निधी अशा विषयांवर बोलावे, असा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. आज मात्र आम्ही त्या प्रघातास थोडा फाटा देऊन आपल्या पिढीजात धंद्याच्या एका लहानशा अंगाविषयी चार शब्द सांगणार आहोत. कार्यक्रमपत्रिकेत 'कोटाचे अस्तर' हे शब्द वाचून काही तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले, ते आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, भाषण संपेपर्यंत त्यांनी हा हसण्याचा हक्क राखून ठेवावा.

प्रश्न साधा आहे. एखाद्या गृहस्थास कामकाजासाठी सूट शिवावयाचा आहे. कापड त्याने निवडले, बटणे निवडली, कोटास मागे एक चीर हवी की दोन हे ठरविले, पँटीची मोहरीही सांगितली. अस्तराचा रंग कोण ठरविणार? आपल्यापैकी बहुतेक दुकानांत या प्रश्नाचे उत्तर एकच असते : जो तागा फळीवर शिल्लक असेल तो. गिऱ्हाईक विचारीत नाही, आणि शिंपीही विचारीत नाही. ज्या अस्तराशी त्या माणसाचा वर्षानुवर्षे सर्वांत निकटचा संबंध येणार, त्याची निवड अशी कोणीच करीत नाही. ही निवड कशी करावी आणि ती करणे आपल्या धंद्याच्या हिताचे का आहे, हे दोन मुद्दे आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

अस्तर हा शब्द फारसीतून मराठीत आला. दुहेरी वस्त्राच्या वरच्या पदरास त्या भाषेत 'अबरा' म्हणतात आणि आतल्या पदरास 'अस्तर'. अबरा आपण विसरलो. अस्तर मात्र मराठीत असे रुजले की, आज कालव्यासही अस्तर असते आणि शेततळ्यासही असते. आपल्या जिल्ह्यातील कोणताही शेतकरी सांगेल की, तळे कितीही खोल खणले तरी आतील अस्तर फाटके असेल तर पाणी टिकत नाही. कोटाचेही तसेच आहे. कॉलरची इस्त्री आणि खांद्याची बैठक लोकांना दिसते. पण तो कोट दहा वर्षे अंगावर टिकणार की दोन वर्षांत खुंटीवर जाणार, हे बऱ्याच अंशी आतल्या बाजूस ठरते.

या बाबतीत आपल्या भगिनींचे ज्ञान पुरुषांहून कितीतरी पुढे आहे, हे येथे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कोणत्याही गावच्या मॅचिंग सेंटरसमोर थोडा वेळ उभे राहून पाहावे. ब्लाउजपीस हातात धरून एखादी गृहिणी दुकानाच्या पायरीवर, उन्हात येते. अस्तराचे दोन-तीन तुकडे त्या कापडाखाली धरून पाहते. ओल्या बोटाने चोळून रंग सुटतो काय याची खात्री करते. आणि घरी गेल्यावर ते सुती अस्तर आधी पाण्यात भिजवून, वाळवून, मगच शिवावयास देते. उजेडात पाहणे, कापडाखाली धरून पाहणे, रंग पक्का आहे काय ते तपासणे आणि आधी आटवून घेणे, ही चार सूत्रे ज्यास समजली त्यास अस्तराचे अर्धे शास्त्र समजले. शे-दीडशे रुपयांच्या ब्लाउजपीससाठी घरातील बाई जी काळजी घेते, ती हजारो रुपयांच्या सुटासाठी घरातील पुरुष घेत नाही, ही नवलाची गोष्ट होय.

आता थोडे मागे वळून पाहू. शिवलेले वस्त्र आपल्याकडे परक्यांनी आणले, असा एक समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. आपले वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे इसवी सनाच्या पाचव्या शतकात कोरविले. अजिंठ्याच्या चित्रांत नर्तकींच्या अंगात चोळ्या आहेत, सेवकांच्या अंगात बाह्यांचे अंगरखे आहेत. ज्या काळी वत्सगुल्माचा मंत्री लेणी कोरवीत होता, त्या काळीही या भूमीत सुई आणि कातर चालत होती, असे त्या भिंतीच सांगतात.

आणि सुई-कातरीचे नाव निघाल्यावर संतश्रेष्ठ नामदेवरायांचे स्मरण झाल्यावाचून कसे राहील? परंपरेने ज्यास त्यांचे जन्मगाव मानतात ते नरसी आपल्या सीमेस लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. 1270 साली जन्मलेल्या या महापुरुषाची 61 पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत, आणि शिंप्याच्या गज-कातरीचे रूपक त्यांनी भक्ती सांगण्यासाठी वापरले आहे. आपल्या हत्यारांस इतकी मोठी प्रतिष्ठा ज्यांनी मिळवून दिली, त्यांच्या वंशजांनी त्या हत्यारांचे काम अर्ध्या मनाने करावे, हे शोभणारे नाही.

विलायती घाटाचा कोट वऱ्हाडात रुळला तो कचेऱ्यांच्या वाटेने. 1853 साली वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. त्यांच्या अमदानीत 1905 पर्यंत वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. पुढे तो अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. कोर्ट-कचेरी आली तसे वकील आले, कारकून आले, शाळामास्तर आले, आणि धोतरावर काळा कोट व डोक्यास टोपी हा वेष वऱ्हाडच्या सुशिक्षितांची खूण बनला. तो कोट फार जपून वापरीत. वरून विटला की शिंपी तो उसवून, कापडाची आतली बाजू वर आणून पुन्हा शिवून देई. यास कोट उलटविणे म्हणत. कोट उलटविताना अस्तर नवे घालीत, आणि बापाचा कोट त्या नव्या अस्तरासह मुलाच्या अंगावर चढे.

असो. अस्तराचे कार्य कोणते, हे पाहिल्यावाचून रंगाचा विचार करता येणार नाही. कोटाच्या पोटात कॅनव्हास असतो, खांद्याची गादी असते, खिशांच्या पिशव्या असतात, शिवणीच्या कडा असतात. अस्तर हा सर्व संसार झाकते. ते गुळगुळीत असल्यामुळे सदऱ्याच्या बाहीवरून कोटाची बाही सहज सरकते. घाम प्रथम ते झेलते आणि वरील लोकरीचे रक्षण करते. म्हणूनच ते वरच्या कापडाआधी झिजते, आणि तसे झिजणे हा त्याचा धर्मच आहे. एका कोटास साधारणपणे दोन ते अडीच मीटर अस्तर लागते. पाठीच्या मधोमध सुमारे इंचभराची चुणी सोडावी लागते. ती न सोडल्यास हात पुढे करताच अस्तर बगलेत फाटते. ही चुणी कोणास दिसत नाही, परंतु कारागिराची परीक्षा तिच्यात होते.

कापड कोणते घ्यावे? आज बाजारात स्वस्त म्हणून सर्वत्र खपते ते पॉलिएस्टर. ते टिकाऊ आहे, चुरगळत नाही. परंतु ते घाम शोषून घेत नाही, आणि आपल्याकडील कोरड्या थंडीत अंगास चिकटून चटचट आवाज करते. व्हिस्कोस रेयॉन हे लाकडाच्या लगद्यापासून होते. कल्याणजवळ शहाड येथे त्याचे सूत 1950च्या दशकापासून निघू लागले. ते घाम शोषते आणि अंगास गार लागते. मात्र ओले असताना नाजूक असते. रेशीम उत्तम, पण महाग आणि लवकर झिजणारे. सुती अस्तर थंड खरे. परंतु बाहीत ते अडते.

याखेरीज एक अस्तर आहे, आणि त्याची हकीकत कापूस पिकविणाऱ्या या मुलखाने मुद्दाम ऐकावी. कापूस जिनिंगमध्ये पिंजून रुई निराळी झाली तरी सरकीवर आखूड तंतूंची एक बारीक लव शिल्लक राहते. त्या लवेस लिंटर म्हणतात. ती सरकीवरून खरवडून, रसायनात विरघळवून, तिचा रेशमासारखा धागा काढतात. त्यास क्युप्रो असे नाव असून बाजारात तो बेंबर्ग या नावाने ओळखला जातो. जपानमधील असाही कासेई ही कंपनी 1931 पासून तो तयार करीत आली आहे, आणि जगातील नामांकित शिंपी कोटाच्या अस्तरासाठी त्यास पहिली पसंती देतात. कारण तो रेशमासारखा सरकतो आणि सुतासारखा घाम शोषतो. कारंज्याच्या किंवा मानोऱ्याच्या शेतकऱ्याने ज्या सरकीकडे केवळ ढेपेच्या दृष्टीने पाहिले, तिच्याच अंगावरची लव थोरामोठ्यांच्या कोटात जाऊन बसते. आज आपल्याकडे सोयाबीनने कापसाची पुष्कळ जागा घेतली आहे. तरीही हे नाते आपणास ठाऊक असावे.

आता मुख्य विषय, म्हणजे रंग.

प्रथम एक गैरसमज दूर करू. काळे अस्तर गरम होते आणि पांढरे गार राहते, असे गिऱ्हाईक वारंवार सांगते. ऊन अस्तरावर पडतच नाही. ते वरच्या कापडावर पडते. त्यामुळे उष्णतेच्या दृष्टीने अस्तराचा रंग कोणताही असला तरी सारखाच. उष्णता ठरते ती अस्तराच्या जातीवर आणि त्याच्या विस्तारावर. ज्या मुलखात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, तेथे बाह्या, खांदे व पुढील पल्ले यांपुरतेच अस्तर लावून पाठ मोकळी सोडावी. यास अर्धे अस्तर म्हणतात. त्यात शिवणीच्या कडा उघड्या पडत असल्याने त्या सफाईने बांधाव्या लागतात. म्हणून अर्ध्या अस्तराचा कोट कमी कापडाचा असूनही अधिक मेहनतीचा असतो, हे गिऱ्हाइकास समजावून सांगावे आणि त्याची मजुरी संकोच न करता मागावी.

दुसरी गोष्ट रंगाच्या पक्केपणाची. मरून, लाल आणि गडद निळा हे रंग दिसावयास भारदस्त, पण कच्चे असले तर घातक. घामाने रंग सुटला की पांढऱ्या सदऱ्याच्या बगला रंगतात आणि सुटाच्या किमतीपुढे सदऱ्याची किंमत ती काय, असे म्हणून गिऱ्हाईक शांत होत नाही. यावर उपाय सोपा आहे. अस्तराचा तुकडा मिठाच्या पाण्यात भिजवावा, पांढऱ्या रुमालात गुंडाळून वर इस्त्री दाबावी. रुमाल पांढराच राहिला तर ते अस्तर कातरीखाली घ्यावे. विलायतेतील जुने शिंपी बाहीसाठी पांढऱ्यावर बारीक रेघांचे निराळे अस्तर वापरीत आले आहेत. सदऱ्याशी घर्षण होते ते सर्वांत अधिक बाहीतच. तेथे फिकट अस्तर घातल्याने रंग लागण्याची धास्तीच उरत नाही.

तिसरी गोष्ट, वरच्या कापडाशी मेळ. फिक्या कापडाखाली गडद अस्तर कधीही घालू नये. त्याची छाया वर येते आणि दुधी रंगाचा कोट मळकट दिसू लागतो. दुधी, बदामी किंवा फिकट राखी कापडास त्याच रंगाचे, फार तर एक छटा उतरते अस्तर घ्यावे. गडद कापडास मोकळीक अधिक असते. गडद निळ्या कापडास निळे, पोलादी राखी किंवा मरून शोभते. कोळशी राखी रंगास राखी, गडद निळे किंवा वांगी. तपकिरीस बदामी, कांस्यवर्णी किंवा सायीच्या रंगाचे. हा मेळ दुकानातील नळीच्या दिव्याखाली कधीही ठरवू नये. त्या उजेडात जुळलेले दोन रंग दारात आणताच एकमेकांपासून फारकत घेतात. मॅचिंग सेंटरच्या पायरीवर येणारी आपली भगिनी हे जाणते. आपण दुकानात बसून ते विसरतो.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : कोट कोणासाठी आणि कशासाठी? ज्या मुलास पुण्या-मुंबईस मुलाखतीला जावयाचे आहे आणि ज्याच्या घरात हा एकच सूट होणार आहे, त्यास चमकते अस्तर विकू नये. त्याच कोटावर तो मुलाखत देईल, बहिणीच्या लग्नात उभा राहील, आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हजर होईल. त्यास कापडाच्या जवळचे, मळ न दाखविणारे, पक्क्या रंगाचे अस्तर द्यावे. आपल्या जिल्ह्याचा समावेश 2018 साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत झाला. ही आकांक्षा कागदावर कशी लिहिली आहे हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु ती प्रत्यक्षात आपल्या दुकानाच्या आरशासमोर, बाह्या खाली ओढून पाहत उभी असते, एवढे आम्हांस ठाऊक आहे. मुलाखतीच्या खोलीत खिशातून पेन काढताना कोटाचा पल्ला क्षणभर उघडतो. त्या क्षणी आतून व्यवस्थित, नेटके कापड दिसावे, म्हणजे तो मुलगा निश्चिंत मनाने पुढील वाक्य बोलू शकेल.

ज्याचा हा दुसरा किंवा तिसरा सूट आहे, त्यास थोडी हौस करण्यास हरकत नाही. चालताना मागील चिरेतून, खुर्चीच्या पाठीवर टाकल्यावर, हात उंचावल्यावर अस्तर दिसते. तेवढ्या दर्शनात रंग खुलावा, पण ओरडू नये. जाकीट असल्यास विशेष सावध असावे. जाकिटाची पाठ अस्तराच्याच कापडाची असते, आणि कोट काढताच ती सर्व सभेस दिसते. तेथे निवड चुकली तर ती लपविण्यास जागा नाही.

वकीलवर्गाचे कोट हा आपल्या जिल्ह्यातील नेमाचा धंदा. त्यांच्या वेषाचे नियम बार कौन्सिलने घालून दिलेले आहेत. वरचा रंग काळा असावा, असा त्यांचा दंडक आहे. अस्तराविषयी ते नियम मौन पाळतात. उन्हाळ्यात सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतरत्र काळ्या कोटाची सक्ती नाही. तरीही पुष्कळ वकील सवयीने तो घालतात. त्यांस अर्धे अस्तर सुचवावे, आणि रंग राखी असावा असे आमचे मत आहे. काळ्यावर काळे अस्तर सर्वजण घालतात; पण बार रूममध्ये एका खुंटीवर चार कोट टांगले असता ज्याचा कोट आतून राखी, त्यास तो लगेच सापडतो. रंगाचा इतका व्यवहारी उपयोगही असू शकतो.

आणि नवरदेव! येथे शिंप्याची खरी कसोटी लागते. मुलास काळा सूट हवा असतो. आजीबाई म्हणतात, मंगलकार्यात काळे नको. संक्रांतीचे काळे वस्त्र आणि मंगळसूत्राचे काळे मणी सोडले तर आपल्याकडे शुभकार्यात काळ्याचा मान नाही, हे मुलाने दूरचित्रवाणीवरील लग्ने पाहून विसरलेले असते. अशा वेळी आपल्यातील कित्येक जाणत्या कारागिरांनी एक तोड काढलेली आम्ही पाहिली आहे. ते काळ्याऐवजी रात्रीच्या आभाळासारखा गडद निळा सुचवितात आणि आत कुंकवाच्या रंगाचे अस्तर घालतात. मुलास गडद सूट मिळतो. आजीबाई पल्ला उलटून पाहतात, आत कुंकू दिसते, आणि तंटा मिटतो. दोन पिढ्यांचा समेट जर अडीच मीटर कापडात होत असेल, तर त्या कापडास क्षुल्लक कोण म्हणेल?

रंग आत ठेवण्याची ही कल्पना केवळ आपलीच आहे, असे नाही. जपानमध्ये एदो राजवटीत, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, व्यापारी वर्गाने भपकेबाज वस्त्रे वापरू नयेत असे हुकूम वेळोवेळी निघत. तेथील नागरिकांनी हुकूम पाळला. वरून साधी, गडद वस्त्रे घातली, आणि आतील अस्तरावर उत्तमोत्तम चित्रे रंगवून घेतली. सरकारचा अंमल अबऱ्यापर्यंत चालला. अस्तर त्यांचे स्वतःचे राहिले. आपल्या पैठणीची रीत याहून निराळी. तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. तिला आत-बाहेर हा भेदच नाही. परंतु कोट हे पैठणीसारखे भाग्यवान वस्त्र नव्हे. त्याची बाहेरची बाजू साहेबाची, कचेरीची, सभेची. तिचे रंग लोकांनी ठरविलेले. घालणाऱ्याच्या पसंतीस मोकळी जागा आहे ती आत. ती जागा त्यास न विचारताच भरून टाकणे, हा त्याच्यावर लहानसा अन्यायच होय.

बंधूंनो, आता दुसरा मुद्दा. तयार कपड्यांच्या दुकानांनी आपला धंदा किती ओढून नेला, हे येथे बसलेल्या प्रत्येक घरास माहीत आहे. पुष्कळ घरांत यंत्र कोपऱ्यात गेले आहे आणि मुले नोकरीस लागली आहेत. त्यात त्यांचा दोष नाही; त्यांनी शिकावे, मोठे व्हावे, यासाठीच आपल्या वाडवडिलांनी रात्री जागून काज-बटणे केली. परंतु जे आज धंद्यात आहेत, त्यांनी विचार करावा की, आपण तयार कोटाशी स्पर्धा कशाच्या बळावर करणार? किमतीत आपण हरणार, वेगात हरणार, झगमगाटात तर पहिल्या दिवशीच हरलो आहोत. तयार कोट एक गोष्ट करू शकत नाही : तो प्रश्न विचारू शकत नाही. तुम्ही कोठे जाणार, किती वेळ उभे राहणार, घाम फार येतो काय, आत कोणता रंग आवडेल, हे फक्त समोर बसलेला, गळ्यात टेप घातलेला माणूस विचारू शकतो. अस्तराचा रंग हा त्या प्रश्नांतील सर्वांत लहान प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्यापासून आरंभ करणे सर्वांत सोपे आहे. जो शिंपी आतील रंग विचारतो, तो बाहेरचे माप चुकविणार नाही, असा विश्वास गिऱ्हाइकाच्या मनात आपोआप बसतो.

जुने कोट दुरुस्तीस येतात तेव्हा हा विश्वास अधिकच मोलाचा ठरतो. वडील निवर्तल्यावर त्यांचा कोट घेऊन येणारे मुलगे आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात आले असतील. वरचे कापड उत्तम असते, अस्तर मात्र बगलेत आणि खिशाच्या तोंडाशी विरलेले असते. अशा वेळी घाईने नवे अस्तर लावून कोट परत करू नये. जुने अस्तर जपून उसवावे, त्याच्या तुकड्यांवरून नवे बेतावे, आणि रंग विचारावा. कोणी वडिलांचाच रंग मागतो, कोणी स्वतःचा. आतल्या खिशाची जुनी पट्टी तशीच राहू द्या, असे सांगणारेही असतात. वडील तेथे पेन लावीत असत. हे काम करणारा हात जिल्ह्यात उरला नाही, तर असे कोट केवळ गाठोड्यात पडून राहतील आणि कसर लागून संपतील. आमच्या मते समाजाचे हे नुकसान पैशात मोजता येण्यासारखे नाही.

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. पहिली : प्रत्येक दुकानदाराने अस्तरांच्या नमुन्यांची एक वही ठेवावी. वीस-पंचवीस तुकडे, प्रत्येकाखाली कापडाची जात आणि रंग पक्का असल्याची खूण, एवढे पुरे. दुसरी : मापवहीत छाती, कंबर, बाही यांच्या शेजारी 'अस्तर' असा एक रकाना आखावा, म्हणजे पाच वर्षांनी कोट दुरुस्तीस आला तरी काय घातले होते ते कळेल. तिसरी : समाजातील जुने कोट-कारागीर हयात आहेत तोवर त्यांच्याकडून सुटीच्या दिवसांत मुलांना आणि मुलींनाही कोटाचे काम शिकवावे. ब्लाउजचे अस्तर ज्या मुलीस उत्तम साधते, तिला कोटाचे अस्तर न साधण्याचे काही कारण नाही. आजवर तिला कोणी विचारले नाही, इतकेच.

आणि जे धंद्यात नाहीत, नोकरीत आहेत, त्यांसही एक विनंती. आपल्या घरी पुढचा सूट शिवावयाचा असेल तेव्हा तो समाजातीलच कारागिराकडे टाकावा, असा आग्रह आम्ही धरीत नाही. प्रत्येकाची सोय निराळी असते. परंतु ज्याच्याकडे टाकाल त्यास अस्तर दाखविण्यास सांगा. तुकडा घेऊन उजेडात या, कापडाखाली धरून पाहा, ओल्या रुमालाने चोळा, आणि मग आपला रंग सांगा. कारागीर जाणता असेल तर त्यास आनंद होईल. अजाण असेल तर तो शिकेल.

 बाहेर मंडपात काही जुन्या कारागिरांनी आपले कोट उलटून टांगले आहेत, अशा हेतूने की आतील काम सर्वांना पाहता यावे. भोजनाची पंगत बसण्यापूर्वी तरुणांनी ते अवश्य पाहावेत, हात लावून पाहावेत. आणि आरंभी राखून ठेवलेले हसू कोणाकडे अजून शिल्लक असेल, तर त्याने ते खुशाल तेथे हसून घ्यावे.

जय हरी विठ्ठल!